मिठाचा आणा आणि प्राप्तीची पै

कराचा भार कोणावर किती पडतो हें पाहावयाचें, तर सरकारी तिजोरींत काय जमलें एवढें पाहून भागत नाहीं. तें कोणाच्या गांठीचें गेलें आणि त्याच्यापाशीं उरलें काय, हेंहि पाहावें लागतें.

हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम १८६० सालीं आला. सत्तावनच्या उठावानें खजिना कर्जांत बुडाला होता. तो सांवरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं हा कर बसविला. वर्षाला २०० रुपये मिळविणाराहि त्यांत सांपडे. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीं उघड विरोध केला, तेव्हां त्यांनाच परत बोलावण्यांत आलें. १८६५ सालीं कर थांबला आणि पुढें १८८६ च्या कायद्यानें स्थिर झाला. ५०० रुपयांच्या आंत माफी ठरली व शेतीचें उत्पन्न अजिबात वगळलें गेलें.

आतां थोडें अंकगणित करूं. दादाभाई नवरोजींनीं १८६७-६८ सालचें दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलें होतें. ही सरासरी, आणि सरासरींत सावकार व मजूर एकाच पंक्तीला बसतात. त्या मानानें पांच माणसांच्या गरीब कुटुंबाची प्राप्ति १०० रुपये धरूं. हें कुटुंब प्राप्तिकरांतून सुटलें खरें, पण मिठांतून सुटलें नाहीं. १८८८ सालीं मिठावरील कर मणास अडीच रुपये झाला, म्हणजे शेरास एक आणा. वर्षाला २० शेर मीठ लागलें असें धरलें, तर २० आणे गेले; रुपयामागें जवळजवळ अडीच पै. पगारदारास २००० रुपयांच्या आंत रुपयामागें ४ पै, त्यावर ५ पै. मग पगार वीस हजार कां असेना! बंगालच्या जमीनदारास शेतीच्या प्राप्तीवर हा कर एक पैहि नव्हता. तो सारा भरी, पण तो १७९३ पासून कायमचा ठरलेला.

२६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास कायदेमंडळांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं हेंच दुखणें मांडलें. तिजोरींतील शिल्लक म्हणजे रयतेची भरभराट नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. मिठावरील कर कमी करा आणि प्राप्तिकराची माफी हजारापर्यंत न्या, अशी त्यांची मागणी होती. गोखले मूळचे गणिताचे शिक्षक. आंकडे त्यांच्या मुखीं बोलके होत. १९०३ सालीं मिठाचा कर दोन रुपयांवर आला व माफी हजारावर गेली.

मिठावरील कर १९४७ सालीं गेला. शेतीचें उत्पन्न मात्र केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर आजहि आहे. आणि साबणाची वडी वा काड्यापेटी घेणारा गरीबहि वस्तूंवरील कर देतच आहे. तेव्हां 'कर भरणारे मूठभर, बाकीचे फुकटे' असें कोणी म्हणालें, तर त्यास शेरास एक आण्याचा हा हिशेब एकदां मांडून दाखवावा.