विद्यार्थ्यांची सभा व तिचे सभासद

पुण्याहून नगर रस्त्यानें सुमारें पांच कोस गेलें म्हणजे वाघोली लागते. पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्यांस हें गांव पिलाजी जाधवरावांचें म्हणून ठाऊक असतें. वाघेश्वराचें देऊळ तेथें अजून उभें आहे. परंतु आज या गांवाची ओळख निराळ्या कारणानें होते. तेथें अभियांत्रिकी व इतर विषय शिकविणारीं अनेक कॉलेजें निघालीं, आणि २०२१ सालीं गांवच पुणें महानगरपालिकेंत आलें. कॉलेजें आलीं म्हणजे मंडळेंही आलींच. वर्षारंभीं पहिल्या सभेस खोली अपुरी पडते. दिवाळीनंतर चिटणीस आणि त्याचे दोघे मित्र एवढेच उरतात. अध्यक्ष म्हणतात, सभासदांस आस्था नाहीं. सभासद म्हणतात, आम्हांस विचारतो कोण?

श्रोतेहो, हें गाऱ्हाणें एकट्या वाघोलीचें नव्हे. विद्यार्थिदशेंत मीही एका मंडळाचा चिटणीस होतों. घटनेच्या कलमांवर आम्हीं तीन सभा घालविल्या. चौथीस मी आणि शिपाई असे दोघेच हजर होतों! म्हणूनच ज्या विद्यार्थ्यांना या दुखण्यावर उपाय सांपडला, त्यांची हकीकत मला फार मोलाची वाटते.

इ. स. १८४८ मध्यें मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली. सभासदानें निबंध वाचावा व इतरांनीं त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम. हें सारें इंग्रजींत चाले. पण त्याच वर्षीं मराठी व गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग झाले, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक निघूं लागलें. वरवर पाहतां ही भाषेची सोय दिसते. माझ्या मतें ती त्याहून अधिक होती. इंग्रजी सभेंत जो मागच्या बांकावर गप्प बसला असता, त्याला आपल्या भाषेंत उठून बोलतां येऊं लागलें. आणि जो एकदां बोलला, तो पुढच्या सभेस बहुधा येतोच.

तरी केवळ बोलण्यावर सभा किती दिवस जगणार? गुजराती शाखेंत बेहरामजी खुर्शेदजी गांधी यांनीं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. अशा निबंधाचा शेवट एरव्हीं टाळ्यांत होतो. परंतु नुसतें बोलून न थांबतां कांहीं करून दाखवा, असें पॅटनसाहेबांनीं तरुणांस सुचविलें, आणि मुलींना आपण स्वतः शिकवूं असें सभासदांनीं ठरविलें. पुण्यांत जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालींच मुलींची शाळा काढली होती. मुंबईचे विद्यार्थी आतां त्याच वाटेनें निघाले.

या मंडळींत दादाभाई नौरोजी होते, वय चोवीस. हे तरुण घरोघर जात, मुलीच्या बापाला विनवीत, आणि ओटीवर बसून शिकविण्याची परवानगी मागत. कोणी आनंदानें होकार दिला, तर कोणी जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी दिली. अखेर १८४९ सालीं वर्ग सुरू झाले, तेव्हां ४४ पारशी व २४ हिंदु मुली आल्या होत्या. सकाळचे तीन तास सभासद विनावेतन शिकवीत व मग आपापल्या उद्योगास लागत. जगन्नाथ शंकरशेट यांनीं जागा दिली, कामा घराण्यानें पैका दिला. पण हें साह्य आलें तें मुलांनीं काम उभें केल्यावर. पुढें या सभेचे पहिले हिंदी अध्यक्ष डॉ. भाऊ दाजी झाले.

येथें पुढारी कोण होता, असें विचारल्यास उत्तर देणें कठीण जाईल. पॅटनसाहेबांनीं सुचविलें खरें, पण वर्ग त्यांनीं घेतले नाहींत. ज्याच्याकडे वर्ग होता, तो त्या सकाळपुरता पुढारीच. तो न गेला तर मुली तिष्ठत बसणार. सभासद आणि चालक यांतला भेद असा कामानें पुसला.

पुढच्या काळांत आपण हा प्रश्न बहुधा नियमांनीं सोडवूं पाहिला. गांधी-शताब्दीच्या वर्षीं, १९६९ मध्यें, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. योजना चांगली, पण वर्षाचे १२० तास भरणें हेंच कित्येकांचें ध्येय होऊन बसतें. निवडणुकींतील मारामाऱ्यांना कंटाळून १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानें विद्यार्थी-प्रतिनिधि गुणांवर नेमण्याची रीत आणली. परीक्षेंत पहिला आलेला मुलगा वर्गाचें मन जिंकील, हें गृहीत धरणें मला चमत्कारिक वाटतें. २०१६ च्या कायद्यानें खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हां केली. परंतु निवडून आल्यावर इतरांच्या हातीं कोणतें काम द्यावयाचें, हें कायदा कसें सांगणार?

वाघोलीस हें काम शोधावयास दूर जावें लागत नव्हतें. गांवाच्या आसपास दगडांच्या खाणी, आणि त्यांवर पोटासाठीं आलेल्या मजुरांचीं मुलें. शाळा त्यांच्यापर्यंत पोंचत नव्हती, म्हणून १९९७ पासून 'संतुलन' या संस्थेनें खाणीवरच 'पाषाणशाळा' भरविण्यास आरंभ केला. मुंबईचे ते तरुण ज्या ओटीवर जाऊन बसले, तिच्यासारखीच ही जागा. फक्त येथें ओटीऐवजीं दगडाची खाण होती, आणि कॉलेजाचें फाटक तेथून फार लांब नव्हतें.