डोईवरचें पाणी

गोंदिया जिल्ह्यांतील तिरोडा तालुक्यांत, नागझिऱ्याच्या अरण्याजवळ, बोदलकसा येथें एक मोठें तळें आहे. टेंकड्यांच्या कुशींत मातीची पाळ घालून तें अडविलेलें असून १९१७ सालीं तें काम पुरें झालें. पाळीची उंची सुमारें १९ मीटर व लांबी सुमारें ५१० मीटर आहे. शहरांतील वाचकांस कल्पना यावी म्हणून सांगतों कीं, पन्नास मीटर लांबीचे पोहण्याचे सहा हजार हौद रिते केले तरच हें तळें भरेल. एवढें पाणी पाळीच्या एका अंगास उंचावर उभें आहे. आणि दुसऱ्या अंगास, उतारावर, धानाच्या बांध्या आहेत, पाट आहेत, गांवें आहेत. तथापि या पाण्याच्या भयानें तेथील कोणाची झोंप उडाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां याच्या उलट एक चित्र पाहावें. लंडन शहरांत टेम्सच्या दक्षिणेस, नाइन एल्म्स नांवाच्या भागांत, अमेरिकन वकिलातीशेजारीं दहा दहा मजल्यांच्या दोन इमारती आहेत. त्यांच्या माथ्यांना जोडणारा पंचवीस मीटर लांबीचा पोहण्याचा हौद मे २०२१ मध्यें खुला झाला. त्याचा मधला सुमारें चौदा मीटरांचा भाग कशावरहि टेकलेला नाहीं. तो रस्त्यापासून पस्तीस मीटर उंचीवर अधांतरीं आहे, आणि त्याचा तळ व बाजू कांचेसारख्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या आहेत. पोहणाऱ्याला पायांखालीं रस्ता दिसतो, व रस्त्यानें जाणाऱ्याला डोक्यावर पोहणारा दिसतो. या हौदाचीं कल्पनाचित्रें २०१५ मध्येंच प्रसिद्ध झालीं होतीं. तेव्हांपासून कोणी त्यास मानवी बुद्धीचा विजय म्हटलें, कोणाच्या पोटांत नुसत्या चित्रानेंच गोळा उठला, आणि पुष्कळांना संताप आला.

हा एकच हौद असा आहे असें नव्हे. सिंगापूर येथें २०१० मध्यें तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर, सत्तावन्नाव्या मजल्याच्या उंचीवर, दीडशें मीटर लांबीचें जलाशयवजा हौद उघडण्यांत आलें. त्याचा कांठ पाण्याच्या पातळीशीं असा मिळविलेला आहे कीं, पाणी थेट आकाशांत ओसंडत आहे असें वाटावें. वस्तुतः तें खालच्या पन्हळींत पडून पुन्हा वर चढविलें जातें. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरांत एका उंच इमारतीचा हौद भिंतीबाहेर दहा फूट पुढें आलेला असून, पोहणारा व सुमारें पांचशें फुटांखालचा रस्ता यांच्या मध्यें आठ इंचांचा पारदर्शक तळ काय तो आहे. आमच्या मुंबईंतहि २०१२ च्या सुमारास, प्रत्येक बिऱ्हाडाच्या सज्ज्याला कांचेचा हौद जोडलेल्या एका नियोजित इमारतीचीं चित्रें लोकांत फिरूं लागलीं होतीं. ज्या शहरांत अनेक वस्त्यांना दिवसांतून कांहीं तासच नळाचें पाणी मिळतें, तेथें अशा चित्राकडे निर्विकार मनानें पाहणें कोणालाहि कठीणच.

येथें एक कोडें उभें राहतें, आणि आमचा हा लेख त्या कोड्यापुरताच आहे. शास्त्र असें सांगतें कीं, पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून असतो. एक मीटर खोल पाणी दर चौरस मीटरास एक टन भार देतें. दहा मीटर खोल पाणी दहा टन देतें. माणसाच्या छातीइतक्या खोल हौदाचा तळ जो भार सोसतो, त्याच्या कितीतरी पट भार बोदलकशासारख्या तळ्याची मातीची पाळ अहोरात्र सोसत असते. आणि दुर्दैवानें फुटलेंच, तर हौदाचें पाणी एका चौकापुरतें, तळ्याचें पाणी कोसन् कोस. मग ज्याला भ्यावयाचें त्याला लोक भीत नाहींत आणि ज्याला भ्यावयाचें नाहीं त्याला पाहून कांपतात, हें कसें?

पहिलें उत्तर शरीरशास्त्राचें आहे. पाय टेकल्याची खूण पायाला मिळते, पण डोळा खालीं पोकळी पाहतो. दोघांच्या साक्षी जुळत नाहींत, आणि डोकें गरगरतें. ही भीति शिकविलेली नसून फार आरंभापासून माणसाजवळ असते. १९६० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या गिब्सन व वॉक या दोघां संशोधकांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड कांचेच्या मेजाच्या एका बाजूस कांचेला लागूनच चौकड्यांचें कापड, व दुसऱ्या बाजूस तेंच कापड खालीं खोल जमिनीवर पसरलेलें, अशी ती मांडणी होती. रांगणाऱ्या छत्तीस बालकांना मधल्या फळीवर ठेवून त्यांच्या आयांनीं दोन्ही बाजूंनीं हांका मारल्या. सत्तावीस बालकें फळीवरून हललीं. परंतु खोल दिसणाऱ्या कांचेवरून आईकडे जाण्यास त्यांतलीं तिघेंच धजलीं. आई पुढें हांक मारीत असतां जी कांच बालकाला ओलांडवत नाहीं, ती प्रौढानें पोहत ओलांडावी यांतच त्या हौदांची सारी मौज आहे. मातीची पाळ अपारदर्शक असते. ती पाण्याचें बळ लपविते. मुंबईच्या मलबार टेंकडीवरील बागेंत हिंडणाऱ्यांपैकीं कितीजणांस आपल्या पायांखालीं शहराचा जलाशय आहे याची आठवण असते?

परंतु हें उत्तर निम्में आहे. तें गरगरण्याचें कारण सांगतें, संतापाचें सांगत नाहीं. लंडनमधील संताप पाहिला तर त्याचें मूळ उंचींत नव्हतें. त्याच वसाहतींत जीं घरें अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं अंशतः मालकीच्या योजनेनें दिलेलीं होतीं, त्यांतील रहिवाशांस या हौदांत प्रवेश नव्हता, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. खिडकींतून हौद दिसावा, मुलांनीं विचारावें, आणि आईबापांनीं 'तो आपला नव्हे' असें सांगावें, ही गोष्ट लोकांच्या मनास झोंबली. याला कोणी मत्सर म्हणेल. आमच्या मतें तो निराळाच आणि बराच जुना प्रश्न आहे: पाणी कोणाचें, आणि पाण्याचें भय कोणाचें?

या प्रश्नाचें सर्वांत भयंकर उत्तर इतिहासानें १८८९ सालीं दिलें. अमेरिकेंत पेन्सिल्वेनिया प्रांतीं जॉन्सटाउन नांवाचें पोलादाच्या कारखान्यांचें गांव होतें. तेथून चौदा मैलांवर, डोंगरांत, पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मंडळानें विहारासाठीं व मासेमारीसाठीं एक जुनें तळें घेतलें होतें. कार्नेगी व फ्रिक हे कारखानदार त्या मंडळाचे सभासद होते. पाणी सोडण्याचे लोखंडी नळ पूर्वींच काढून टाकलेले होते, ते पुन्हा बसविले नाहींत. घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा उतरविला. मासे वाहून जाऊं नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे रोजीं अतिवृष्टींत बांध फुटला आणि दोन हजार दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. मंडळाकडून न्यायालयांत कोणास भरपाई मिळाली नाहीं. वरच्यांची मौज व खालच्यांचा मृत्यु यांचें इतकें उघड गणित क्वचितच मांडलें गेलें असेल.

आजचे हौद म्हणजे जॉन्सटाउनचें तळें नव्हे, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलेंच पाहिजे. त्यांचे रचनाकार दक्ष असतात. सिंगापूरचे तीन मनोरे वाऱ्यानें निरनिराळे डोलतात हें जाणून तेथील हौदांत मोकळे सांधे ठेवलेले आहेत. तरी निसर्ग आपली आठवण अधूनमधून देतो. २८ मार्च २०२५ रोजीं ब्रह्मदेशांत मंडालेजवळ मोठा भूकंप झाला. तेथून सुमारें हजार किलोमीटर दूर असलेल्या बँकॉकमध्यें गच्च्यांवरील हौद हिंदकळले व त्यांचें पाणी इमारतींच्या कडांवरून धबधब्यासारखें रस्त्यांत कोसळलें. दूरच्या भूकंपाच्या मंद, लांब लाटा बँकॉकच्या मऊ मातींत वाढतात, आणि उंच इमारतींच्या व त्यांवरील पाण्याच्या झोक्यांशीं त्यांचा ताल जुळतो. हौद फुटले नाहींत. पण तें पाणी ज्यांच्या अंगावर पडलें, ते कांहीं त्यांत पोहणारे नव्हते. सारा न्याय या एका वाक्यांत आहे.

आतां पुन्हा आपल्या मुलखाकडे वळूं. जुना भंडारा जिल्हा तळ्यांचा म्हणूनच प्रसिद्ध आहे. १९९९ मध्यें त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. येथील कोहळी समाज तळीं बांधण्यांत निष्णात. परंपरा अशी सांगते कीं, चांद्याच्या गोंड राजांनीं, जो तळें बांधील त्याला त्या तळ्यानें भिजणारी जमीन मिळेल, असें ठरविलें. या एका नियमांत मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. बांधणाऱ्याची शेती त्याच पाळीखालीं! पाळ कच्ची राहिली तर पहिलें पीक त्याचेंच वाहून जावयाचें. नवेगांवबांधाचें विशाल तळें याच परंपरेंत कोलू पाटील कोहळी यांच्या नांवानें सांगितलें जातें. बोदलकशाची जात निराळी. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळल्यावर १९०१ ते १९०३ या काळांत सिंचन आयोग बसला, आणि त्यानंतरच्या वर्षांत सरकारी खात्यानें जीं तळीं बांधलीं त्यांतलें हें एक. पण येथेंहि पाळीखालचा माणूसच पाण्याचा धनी: पाऊस दगा देईल त्या पंधरवड्यांत त्याचें धान याच पाण्यानें जगावयाचें.

म्हणूनच त्याला झोंप येते. त्याला भय ठाऊक नसतें असें नव्हे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटून पुणें बुडालें, २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्यांत तिवऱ्याचें धरण फुटलें. या वार्ता पाळीखालीं राहणाऱ्यांना इतरांहून अधिक खोल लागतात. परंतु ज्या पाण्यांत आपला वांटा असतो, त्या पाण्यावर माणूस लक्ष ठेवतो: पाळीवरचें झुडूप उपटतो, खेंकड्याचें बीळ बुजवितो, सांडवा मोकळा करतो. अशा नित्य देखरेखींतून भयाचें रूपांतर काळजींत होतें, आणि काळजी करणाऱ्याला भोंवळ येत नाहीं.

तरी जुन्या व्यवस्थेचें नुसतें गुणगान करणें हें सत्याला सोडून होईल. मालगुजारी तळ्यांवर मालगुजाराचीच सत्ता असे. कष्ट अनेकांचे आणि मोठेपण एकाचा. शिवाय पाणी गांवाच्या मध्यभागीं असूनहि ज्यांना शिवतां येत नसे, अशीं माणसें महाराष्ट्रांत गांवोगांव होतीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां त्या तळ्याला कांचेची भिंत नव्हती. भिंत दिसत नव्हती इतकेंच. नगरपालिकेनें तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव आधींच केलेला होता, तरी उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. लंडनच्या हौदाला आम्ही नांवें ठेवावीं आणि हें विसरावें, हें शोभणार नाहीं.

१९५१ मध्यें मालगुजारी नष्ट झाली व तळीं सरकारजमा झालीं. अन्याय्य मालकी गेली हें उत्तम झालें. पण तिच्यासवें देखरेखहि गेली, आणि सहस्रावधि तळ्यांत गाळ भरला. अलीकडे कांहीं ठिकाणीं ढिवर मच्छीमारांच्या संस्था, तळ्यांतील देशी वनस्पति पुन्हा लावून व देशी मासे राखून, तीं जागतीं करीत आहेत. ज्यांचें पोट पाण्यावर, त्यांच्या हातीं पाणी आलें कीं तें सुधारतें, असा याचा अर्थ आम्ही लावतों.

बोदलकशाच्या कांठीं आतां प्रवाशांसाठीं निवासस्थान झालें आहे. तेथें येणाऱ्या शहरवासीयानें सायंकाळीं पाळीवर जरूर उभें राहावें. एका बाजूस टेंकड्यांची छाया धरलेलें स्तब्ध पाणी, दुसऱ्या बाजूस खालीं हिरवें धान. उंची आहे, पाणी आहे, खालीं माणसेंहि आहेत. तरी डोकें गरगरत नाहीं. उंच इमारतीच्या हौदाखालून जाणारा मनुष्य वर पाहून दचकतो, तेव्हां त्याला अडाणी किंवा मत्सरी म्हणून हंसण्यापूर्वीं रचनाकारांनीं एक विचार करावा. तो कांचेच्या जाडीविषयीं विचारीत नसतो. डोईवर जें पाणी चढविलें, त्यांतलें माझ्या शेतांत, माझ्या घड्यांत किती येणार, एवढेंच तो विचारीत असतो. आणि या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्याचें भय त्यानें सोडूं नये, असेंच आम्हांस वाटतें.