खुर्चीच्या डाव्या बाजूचे शिक्षण

लोणंद म्हटले की कांद्याचा बाजार आठवतो, आषाढात माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. खंडाळा आणि फलटण तालुक्यांतल्या खेड्यांतून बाजाराला आलेला माणूस एका फेरीत दोन कामे उरकतो. माल लावायचा आणि आठवडाभर ठणकणारी दाढ दाखवून यायचे. दवाखान्यात त्याची पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नाही. त्याचे नाव लिहून घेणारी, ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ असे विचारणारी, खुर्चीवर बसवून गळ्याला ॲप्रन बांधणारी व्यक्ती वेगळीच असते. रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणतात, डॉक्टर ‘असिस्टंट’ म्हणतात. ही पुस्तिका तिच्या कामाविषयी आणि त्या कामाच्या शिक्षणाविषयी आहे.

दंतसहायक होण्यासाठी शिकावे लागते, हे आपल्याकडे अजून पुरते रुजलेले नाही. बारावीनंतर ओळखीच्या दवाखान्यात लागायचे आणि पाहून पाहून शिकायचे, ही रूढ वाट. या वाटेने आलेल्या अनेक मुली आणि मुले उत्तम काम करतात, त्यांचा अनुभव मोलाचाच आहे. तरीही पाहून जे शिकता येते ते ‘कसे’ एवढेच असते, ‘का’ बहुधा सुटून जाते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात निर्जंतुकीकरणाला एक माणूस, एक्स-रेला दुसरा, स्वागतकक्षात तिसरा असतो. लोणंदसारख्या गावात ही सगळी कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे येतात आणि तिच्या हातून काही राहून गेले तर ते पकडायला मागे दुसरे कोणी नसते. म्हणूनच पद्धतशीर शिक्षणाची गरज लहान गावाला अधिक आहे, असे मला वाटते.

या व्यवसायाला इतिहास आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ च्या सुमारास दवाखान्यात एक स्त्री सहायक नेमली. त्या काळी एकट्या स्त्रीने दंतवैद्याकडे जाणे अवघड मानले जाई. सहायक स्त्री असल्याने स्त्री-रुग्णांना सोबतीवाचून येता येऊ लागले. पुढे १९२४ मध्ये ज्युलिएट साउथर्ड यांच्या पुढाकाराने तिथल्या दंतसहायकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि प्रशिक्षणाचा आग्रह धरू लागली. भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, दंत आरोग्यक म्हणजे हायजिनिस्ट आणि कवळ्या घडवणारा मेकॅनिक अशा तिघांची नोंदणी मानली. खुर्चीशेजारचा सहायक त्या यादीबाहेर राहिला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्याआधीच कौशल्य-अभ्यासक्रमांमध्ये ‘डेंटल असिस्टंट’ ही स्वतंत्र भूमिका आलेली होती. आपल्या भागापुरते पाहिले, तर लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच कराड आणि सांगली येतात, आणि दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, प्रमाणपत्र कोण देणार आणि प्रत्यक्ष खुर्चीशेजारी काम किती मिळणार, हे तीन प्रश्न तुम्ही निःसंकोच विचारावेत.

आता कामाकडे वळू. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर रुग्णाच्या उजवीकडे बसतात, सहायक डावीकडे. रुग्णाचे तोंड घड्याळाच्या मध्यावर आणि डोके बाराच्या दिशेला कल्पिले, तर सहायकाची जागा साधारण दोन ते चारच्या दरम्यान येते. हत्यारांची देवाणघेवाण रुग्णाच्या डोळ्यांवरून नव्हे, हनुवटीखाली, छातीच्या वरच्या भागावरून होते. सहायकाच्या एका हातातली सक्शनची नळी गाल आणि जीभ बाजूला धरते, दुसरा हात पुढचे हत्यार तयार ठेवतो. डॉक्टरांची नजर दातावरून हटू नये हा या मांडणीचा हेतू. चार हातांचे हे काम जमले की उपचाराचा वेळ वाचतो आणि रुग्णाला ताटकळत तोंड उघडे ठेवावे लागत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचे काम रुग्णाच्या नजरेआड होते. वापरलेली हत्यारे आधी घासून स्वच्छ धुवायची, कारण वाळलेले रक्त जंतूंना आडोसा देते आणि वाफ तिथवर पोचत नाही. मग ती पाकिटात भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवायची. तिथे १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब लागतो, आणि पाकिटातल्या हत्यारांना उघड्या हत्यारांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता पोचली एवढेच कळते. जंतू खरोखर मेले का, हे ठरवायला बीजाणूंची चाचणी वेगळी करावी लागते. हा फरक ज्याला ठाऊक आहे, तो घाईच्या दिवशीही अर्धवट झालेले चक्र मध्येच थांबवणार नाही.

कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. काढलेला दात पिवळ्यात जातो, पण त्यात पाऱ्याचे चांदीसारखे सिमेंट असेल तर नाही. पिवळ्या पिशवीतला कचरा बहुधा जाळला जातो आणि पारा धुरातून हवेत मिसळतो.

वाचकांनी दातांच्या क्रमांकांना घाबरू नये. तोंडाचे चार भाग, प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून आठ दात. डॉक्टर ‘थ्री-सिक्स’ म्हणाले की रुग्णाच्या डाव्या बाजूची, खालची पहिली मोठी दाढ समजायची. दुधाच्या दातांचे भाग पाचपासून सुरू होतात. आठवडाभराच्या सरावाने हे तोंडात बसते. इतर कामेही अशीच सरावाने जमतात. दातांचे माप घेण्याची पावडर कोमट पाण्यात कालवली तर लवकर घट्ट होते, हे एकदा हाताला कळले की उन्हाळ्यात गार पाणी आपोआप घेतले जाते.

आपल्या भागात या कामाला आणखी एक बाजू आहे. मिश्री लावणाऱ्या आजी, तंबाखू मळणारे तरुण, बंदी असूनही गुटखा खाणारी मुले खुर्चीवर येतात. डॉक्टरांसमोर लाजून न सांगितलेली सवय ते सहायकाला सहज सांगतात. तोंड पुरते उघडत नाही, तिखट सोसत नाही, गालात पांढरा चट्टा आहे, असे काही कानावर आले की ते डॉक्टरांपर्यंत पोचवणे हे तुमचे काम. निदान आणि उपचार मात्र डॉक्टरांचेच. दात काढणे, भूल देणे, खड्डा कोरणे यांत कितीही हात बसला तरी ती मर्यादा ओलांडायची नाही. ‘तूच कर की गं, तुला येतंय’ असे कोणी म्हटले, तरी नकार देता येणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

ही पुस्तिका सलग वाचायची घाई नको. एक प्रकरण वाचावे, मग ओळखीच्या दवाखान्यात परवानगी घेऊन तेवढेच काम पाहावे आणि प्रत्येक कृतीला ‘असे का?’ विचारावे. ज्यांना काम करून दहा वर्षे झाली आहेत त्यांनीही वाचावे. त्यांचे हात ज्या गोष्टी आधीच बरोबर करतात त्यांची कारणे त्यांना इथे सापडतील, आणि नव्या मुलीला शिकवताना तीच कामी येतील. खुर्चीशेजारी उभे राहण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सुरू करावेत. पहिल्या डोसापासून तिसऱ्यापर्यंत सहा महिने जातात, म्हणून वाचनाच्या आधीच तारीख घेऊन ठेवलेली बरी. मग निर्जंतुकीकरणाच्या प्रकरणापासून आरंभ करावा. बाकीची सगळी प्रकरणे त्याच्यावर उभी आहेत.