दोन गाड्यांमधला घाट

सन 1861. हिवाळ्यातली सकाळ. मुंबईहून आलेली आगगाडी खोपोलीला थांबते आणि तिथेच तिचं काम संपतं. पुण्याला जाणारी गाडी वर खंडाळ्याहून सुटते, 1858च्या जूनपासून. मधे बोरघाट, आणि घाटात अजून रूळ नाहीत. ऐपत असलेले पालखीत बसतात. बाकीचे तट्टावर, बैलगाडीत, नाहीतर पायी.

तुम्हाला पालखीत बसवतील असं वाटलं होतं? आत बसून घाट चढलेल्यांनी प्रवासवर्णनं लिहून ठेवलीत, ती सवडीनं वाचा. तुम्ही दांड्याखाली या.

आधी नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्यावर पोटभर पाणी प्या. खांद्यावर फडक्याची घडी घ्या. भोई आठ: चौघांचा खांदा दांड्याला, चौघे रिकामे बरोबर चालणारे. तुम्ही मागच्या जोडीत. उचलताना जोर मांड्यांवर घ्या, कंबर वाचवा. आतले गृहस्थ कूस बदलतात आणि त्यांची ती कूस थेट तुमच्या मानेत उतरते.

आता चाल. पलटणीसारखी अजिबात नको. सगळ्यांचे पाय एकदम पडले की दांडा उसळ्या मारतो आणि आत डोकं आपटतं. म्हणून प्रत्येकाचं पाऊल दुसऱ्याच्या पावलापासून मोडलेलं हवं, गुडघे किंचित वाकलेले, पाय जमिनीलगत. श्वासाबरोबर घशातून आपोआप ‘हूं... हूं’ निघू लागतं. त्याला गाणं म्हणणारे आत बसलेले असतात.

वाट तुम्हाला दिसतच नाही, डोळ्यांपुढे पालखीची पाठ. पुढचा भोई सांगेल ते खरं.

“दगड हाय.”

“वलं हाय, जपून.”

“डावीकडं खड्डा, डावीकडं!”

चढ लागला की पुढचे दोघे वर आणि तुम्ही खाली, म्हणजे भार मागे कलतो. दहा पावलांत खांदा पेटतो. रिकामा भोई बाजूनं येतो, दांड्याखाली स्वतःचा खांदा सारतो, तुम्ही निसटता. पालखी थांबत नाही. आतल्या गृहस्थांना माणूस बदलल्याचं कळतही नाही, आणि हीच या कामातली खरी कारागिरी.

पायाखालचा रस्ता मुंबईचा गव्हर्नर माल्कम साहेबाच्या अमदानीतला, 1830 सालचा. त्याआधी या घाटात भरलेली गाडी चढवणं महाकठीण होतं. माल बैलांच्या पाठीवर जाई आणि बडी माणसं भोयांच्या खांद्यावर. गाडीरस्ता झाला तरी तुमचा धंदा बुडाला नाही, कारण ज्याला पैसा आहे त्याला बैलगाडीच्या हादऱ्यांपेक्षा माणसाचा खांदा मऊ वाटतो.

डोंगरातून धडाड् आवाज येतो. पायाखालची माती थरारते. जोडीतला पोरगा दचकून विचारतो, “दादा, काय झालं रं?”

“काय न्हाय. आपल्या भाकरीला सुरुंग लावत्यात.”

रेल्वेचं काम चालू आहे. पंचवीस बोगदे, कुठे कुठे सदतीस फुटांना एक फूट असा चढ, आणि यंदा त्या कड्यांवर चाळीस हजारांहून जास्त मजूर. पटकीनं आणि अपघातांनी त्यातले हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली इथे आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, कंत्राट सोडलं नाही. तिचं नाव इतिहासात राहिलं, आणि ते राहायलाच हवं होतं. पण खोपोली-खंडाळ्यामधली रेल्वे जवळजवळ पाच वर्षं ज्यांच्या खांद्यावरून चालली, तेही रेल्वेचेच लोक होते असं माझं म्हणणं आहे.

खंडाळा आला. पालखी टेकवा. गृहस्थ आळस देत उतरतात आणि गाडी गाठायला निघून जातात. तुम्हाला उतारानं परत जायचंय.

21 एप्रिल 1863 रोजी घाटातला लोहमार्ग खुला झाला. तो खोपोलीला वगळून, कर्जतच्या बाजूनं पळसदरीवरून चढतो. खोपोलीची लोकल आजही खोपोलीलाच संपते.