पाच वॅट, एक तार आणि आपला जिल्हा

आजची पोस्ट जरा लांबलचक आहे. विषय रेडिओचा, पण गाण्याच्या रेडिओचा नाही. वेळ काढून वाचा, आपल्या जिल्ह्याच्या कामाचा आहे.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्याकडं जमीन हलली. तीव्रता ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यात. त्याच वर्षी मार्चमध्येही धक्के बसले होते. दोन्ही वेळा सगळे घराबाहेर पळाले आणि पहिलं काम केलं ते फोन लावण्याचं. धक्का मध्यम होता, टॉवर उभे राहिले. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला बसला तसा बसला तर? टॉवर, वीज, केबल यातलं एक जरी गेलं तरी हातातला महागडा फोन म्हणजे फक्त टॉर्च.

अशा वेळी जगभर एक जुनी हौस कामाला येते. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ. सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून, मधे कुठलीही कंपनी न घेता दूरच्या माणसाशी थेट बोलायचं. आपल्या देशात ही हौस १९२० च्या दशकात सुरू झाली. तेव्हा परवानेवाले बहुतेक इंग्रज अधिकारी होते. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं आणि सरकारनं हौशी लोकांना यंत्रं जमा करायला लावली. घरात बसून कोणीही जगाशी बोलू शकतो, याची भीती सत्तेला तेव्हाही होती.

ती भीती खरी ठरली १९४२ ला, मुंबईत. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी २७ ऑगस्टला ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. यंत्र जमवायला मुंबईतल्या रेडिओ जाणणाऱ्यांची मदत होती. पोलीस मागावर, म्हणून आज या घरात तर उद्या त्या घरात. आष्टी-चिमूरला जे घडलं ते छापायची सोय नव्हती, ते या रेडिओनं देशाला ऐकवलं. शेवटी १२ नोव्हेंबरला गिरगावात छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पत्रकार म्हणून मला ही गोष्ट नेहमी जवळची वाटते. अडीच-तीन महिने चाललेलं ते केंद्र, पण त्या काळातली खरी बातमी तिथं होती.

आता त्यातली तांत्रिक गंमत बघा. काँग्रेस रेडिओ बोलायचा ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ती साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ होते. आज जगभरचे हौशी लोक ज्या ‘४० मीटर’ पट्ट्यावर बोलतात, त्यातलीच ही जागा. हा पट्टा निवडायला कारण आहे. पोलिसांच्या हातातल्या वॉकीटॉकीच्या लहरी सरळ जातात, डोंगर किंवा क्षितिज आडवं आलं की संपल्या. ४० मीटरच्या लहरी मात्र वर जाऊन आयनांबराला धडकतात आणि परत जमिनीवर येतात. चपटा खडा तळ्यावर टप्पे घेत जातो, तसं. दिवसा काहीशे किलोमीटर सहज होतात. रात्री लहरी शोषणारा खालचा थर विरतो, मग हजारो किलोमीटरही होतात.

यासाठी मोठं यंत्र लागतं हा गैरसमज आहे. पाच वॅटवर, म्हणजे घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बपेक्षाही कमी ताकदीवर, परदेशाशी बोलणारे लोक आहेत. त्यातही मोर्स, म्हणजे कडकट्ट, वापरलं तर सगळी ताकद एका बारीक सुरात जाते, त्यामुळं आवाजापेक्षा ते लांब पोचतं. बारा व्होल्टची मोटारसायकलची बॅटरी चालते. अँटेना म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ३३-३३ फूट तांब्याची तार, मधोमध केबल जोडलेली. लिंबाच्या झाडाला किंवा उंच बांबूला बांधली की झालं. खरा खर्च वेळेचा आणि चिकाटीचा. कोणत्या वेळी कुठला देश ऐकू येतो, हे कानाला शिकवावं लागतं.

यंत्रही आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, स्वस्त झालं. तिथल्या अशहर फरहान यांनी २००० च्या दशकात ‘बिटएक्स’ नावाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. परदेशी सुटे भाग मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे वायसर वापरले! ते आपल्या सेनगावच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. त्या आराखड्यावरून जगभरच्या लोकांनी घरी यंत्रं बांधली.

आणि उपयोग? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम रेडिओ घेऊन अंदमानात होत्या. गेल्या होत्या हौसेला, दुर्मिळ ठिकाणाहून जगाशी बोलायला. पण पोर्ट ब्लेअरचे फोन बंद पडले आणि त्यांचा रेडिओ बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागला. हौस एका सकाळीत सेवा झाली, कारण यंत्र आणि सराव दोन्ही आधीपासून तयार होते.

माझा मुद्दा इथंच आहे. संकट आल्यावर यंत्र विकत आणता येईल, पण ते चालवणारा माणूस त्या दिवशी कुठून आणणार? पोलिसांचं वायरलेस आहे, पण ते त्यांच्याच कामाला पुरत नाही. औंढ्याजवळ अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा मंजूर झालीय, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग त्याच जिल्ह्यात तालुक्याला एक हौशी रेडिओ केंद्र का नसावं? केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा पास व्हावी लागते, वयाची बारा वर्षं पूर्ण असली तरी बसता येतं. परवान्याशिवाय प्रक्षेपण गुन्हा आहे, तेवढं पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

विज्ञानाचे शिक्षक, आयटीआयची पोरं, मोबाईल दुरुस्तीवाले, तुमच्यातल्या कोणाला यात रस असेल तर कमेंटमध्ये लिहा. पाच-सात नावं जमली की तहसील कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत हा विषय घ्या म्हणून निवेदन देऊ. निवेदन मी लिहितो, सह्या तुमच्या लागतील.