आधी चढणारा

नेरळहून माथेरानकडे टॅक्सी पहिल्या गिअरवर घोंघावत चढते. अरुंद वळणावर वरून दुसरी गाडी येते. उतरणारा कडेला दबून थांबतो, चढणारा न थांबता निघून जातो, जाताना हात वर करतो. 2017 पर्यंत लागू असलेल्या 1989 च्या वाहतूक नियमांतला 25 वा नियम हेच सांगत होता: डोंगरी किंवा तीव्र उताराच्या रस्त्यावर दोन गाड्या निर्धोक निघण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी.

या रिवाजाचं मूळ चाकात आहे. पाठीवर गोणी लादलेला बैल घाटात कुठेही उभा राहू शकतो. भरलेली बैलगाडी चढणीवर थांबली की ओझं तिला मागे ओढतं. चाकामागे दगड लावावा लागतो आणि पुन्हा निघताना बैलांचा जीव जातो. बोरघाटातला गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला, तेव्हा ही अडचण खोपोलीवरच्या चढणीलाही आली.   मोटार आली तरी दुखणं तेच राहिलं. चढावर थांबलेली गाडी क्लच सोडताना मागे घसरते. उतरणारीला निघायला ब्रेक सोडला की पुरे.

रेल्वेने हीच समज लोखंडात बसवली. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रुळांवर 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिनं जोडतात. खाली येणारीवर मात्र घाटाचा विश्वास नाही. वाटेत ठिकठिकाणी डोंगरावर चढत जाणारी आडवाट, म्हणजे कॅच सायडिंग, आहे आणि सांधे एरवी तिकडेच लावलेले असतात. गाडीने आधी थांबून आपण काबूत आहोत हे दाखवायचं, मगच मुख्य रूळ मोकळा होतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप आडवाटेला लागते आणि चढावर तिचा वेग मरतो.

मला या सगळ्यात न्याय दिसतो: ज्याला थांबणं जड, त्याला वाट, ज्याला सोपं, त्याच्यावर जबाबदारी. रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात हा विचार आणखी बारकाईने मांडला आहे. चढणाऱ्याच्या पुढ्यातच रस्त्याकडेला थांबायची जागा असेल आणि तिच्यात शिरल्याने कुणाला मागे जावं लागणार नसेल, तर त्यानेच शिरावं. मागे घेण्याची वेळ आलीच, तर हलक्या वाहनाने जड वाहनासाठी घ्यावं. दोन्ही सारखीच असतील तर उतरणाऱ्याने.

म्हणून चढणाऱ्याने हा मान हट्टाने वसूल करू नये. वरून भरलेला ट्रक येतोय, ब्रेक तापल्याचा जळका वास येतोय, तर नियमाचं पुस्तक तिथे उपयोगी नाही. मिळेल तिथे बाजूला व्हावं. उतरणाऱ्याने ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं, आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा, आणि समोरचा चढताना दिसताच रुंद जागा पाहून आधीच थांबावं. ऐन अरुंद जागी समोरासमोर आल्यावर दोघांपैकी एकाला गाडी मागे घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेवर ते दोघांनाही नको असतं.