गोम, बागेतील (स्कोलोपेंड्रा मॉर्सिटॅन्स)

संधिपाद संघाच्या शतपाद वर्गातील स्कोलोपेंड्रिडी कुलातील जाती. लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिचे वर्णन केले. स्कोलोपेंड्रा वंशाची ही प्ररूप जाती होय. मोठ्या गोमेला घोण म्हणतात, मात्र ही दोन नावे सगळीकडे एकाच अर्थाने वापरली जात नाहीत.

आढळ : आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया. इतर काही उष्ण प्रदेशांत ती जहाजी मालाबरोबर पोहोचली असावी. भारतात बागेतील कुंड्या, सुट्या विटा, शेणखताचा ढीग, कुजका पाला व झाडाची सुटलेली साल यांखाली सापडते. गोमेच्या अंगातील पाणी कवचातून व श्वासरंध्रांतून लवकर उडून जाते. त्यामुळे दिवसा ओलसर आडोसा आणि रात्री शिकार हा तिचा क्रम असतो. उन्हाळ्यात ती जमिनीच्या भेगांत खोल जाते. पावसाने बिळे भरली की मोरीत, न्हाणीत दिसू लागते.

शरीर : चपटे, पायांच्या २१ जोड्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी चार साधे डोळे. धडाच्या पहिल्या खंडाच्या पायांचे विषनखर झालेले असून भक्ष्य पकडणे व विष टोचणे ही दोन्ही कामे तेच करतात. श्वासरंध्रांच्या नऊ जोड्या. पायांची शेवटची जोडी चालण्यासाठी वापरली जात नाही.

वर्गीकरण : जातीचा रंग फार बदलता आहे. पिवळसर तपकिरी अंगावर प्रत्येक पाठपट्टाच्या मागच्या कडेला गडद पट्टा हे रूप नेहमीचे. परंतु एकाच परिसरातही फरक आढळतात. शेवटच्या पायांवरील काट्यांची संख्या आणि मांडणीही स्थिर नाही. जुन्या अभ्यासकांनी अशाच लक्षणांवरून वेगळ्या जाती केल्या. जे. जी. ई. लुईस यांनी १९६८ मध्ये नायजेरियातील एका समूहातील व्यक्तिगत फरकांचा अभ्यास करून या पद्धतीच्या मर्यादा दाखवल्या. त्यांनी वापरलेले ‘अमेझॉनिका’ हे नाव आता मॉर्सिटॅन्समध्येच धरतात. नराच्या शेवटच्या पायांचे बुडाकडील खंड वरून सपाट असतात. नमुना ओळखताना हे लक्षण रंगापेक्षा अधिक भरवशाचे आहे, मात्र मादीच्या बाबतीत ते उपयोगी पडत नाही. भारतीय अभ्यासात बी. एस. जांगी यांचा १९६६ चा प्रबंधग्रंथ मूलभूत महत्त्वाचा असून शरीररचनेसाठी आजही प्रथम तोच पाहावा. लाल-काळ्या आडव्या पट्ट्यांची स्कोलोपेंड्रा हार्डविकी ही वेगळी जाती होय.

प्रजनन : नर शुक्रपुटी जमिनीवर ठेवतो, मादी ती उचलून घेते. अंड्यांभोवती वेटोळे घालून मादी राखण करते व त्या काळात सहसा खात नाही. फार त्रास दिल्यास ती अंडी खाऊन टाकते. पिल्लांना सुरुवातीपासून पायांच्या सर्व जोड्या असतात.

अन्न : झुरळे, रातकिडे व इतर कीटक.

दंश : तीव्र वेदना व सूज, मृत्यू अत्यंत विरळ.